टेलिफोनची तार आणि घरातील इंटरनेट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा ‘मुलांचे हस्ताक्षर’ किंवा ‘गणिताची भीती’ असा एखादा नेहमीचा विषय त्यांच्या मनात असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या घरचे इंटरनेट तुम्ही स्वतः ताळ्यावर आणलेत म्हणे. त्यावरच बोला.” आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. एकोणचाळीस वर्षे प्राथमिक शाळेत गेली आणि विजेविषयीचे आमचे ज्ञान शाळेच्या विज्ञानपेटीपलीकडे कधी गेले नाही. तेव्हा जे हातांनी केले आणि कानांनी ऐकले तेवढेच येथे सांगणार आहोत. ज्यांच्या घरी आता काचेचा तंतू आला आहे त्यांनी हे गोष्ट म्हणून ऐकावे. ज्यांच्या घरी अद्याप तांब्याची तार आहे त्यांस कदाचित उपयोगही होईल.

प्रथम ही तार काय आहे ते पाहू. मुंबईस टेलिफोनचे केंद्र १८८२ साली सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी ग्रॅहॅम बेल यांनी दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देऊन त्यांची जोडी करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. पीळ दिल्यामुळे बाहेरचा विजेचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि शेवटी वजा होऊन जातो. ही जोडी माणसाच्या बोलण्यासाठी केलेली होती. बोलणे समजण्यास दर सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने पुरतात; त्याच्या वरचा सारा पट रिकामाच पडलेला असे. शंभर वर्षांनंतर अमेरिकेतील बेलकोर या संशोधनसंस्थेत त्या रिकाम्या पटाचा विचार चालला होता. तेथील जोसेफ लेचलायडर यांनी असे दाखवून दिले की, घराकडे माहिती पुष्कळ यावयाची असते व घरातून थोडी जावयाची असते. तेव्हा दोन्ही दिशांना सारखी वाट ठेवण्याचे कारण नाही. एडीएसएल या पद्धतीतील पहिले अक्षर त्या असमानतेचेच आहे. या पद्धतीत इंटरनेटची वाहतूक २५ हजार कंपनांपासून ११ लाखांपर्यंत चालते. सुधारलेल्या एडीएसएल-टू-प्लस पद्धतीत ती २२ लाखांपर्यंत जाते.

आकडे पाठ करण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात धरावी. ज्या सांध्यातून बोलणे सुखाने जाते त्याच सांध्यात इंटरनेट अडखळू शकते. “फोन तर चांगला चालतो, मग तार चांगलीच असली पाहिजे,” हे वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले असेल त्याची गणती नाही, आणि ते चूक होते.

आता आमच्या घराविषयी. घर सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील. तिकडे पाऊस जूनमध्ये बसला की गणपतीपर्यंत उठत नाही. वाडा जुना, मातीच्या भिंती दोन हात जाड. मोबाइल घेऊन माजघरात गेले की तो मुका होतो. १९९८ साली वाटणी झाली. पुढचा भाग आम्हांकडे आला, मागचा सोपा व परसू थोरल्या बंधूंकडे गेले. पुढे २००९ साली परसातील विहिरीच्या वहिवाटीवरून शब्दाला शब्द लागला आणि मधले दार जे लागले ते लागलेच. टेलिफोन वडिलांच्या वेळचा, क्रमांक एक. भांडी वाटली, जमीन वाटली. फोन वाटता आला नाही. त्याची तार पुढच्या दाराशी येई. तेथून एक फाटा आमच्याकडे आणि एक माळ्यावरून मागे जाई. घंटा दोन्हीकडे वाजे. कानाला लावल्यावर बोलणे आपले नाही असे कळले की आम्ही मुकाट्याने खाली ठेवीत असू. ते लोकही तसेच करीत. बिल आमच्याकडे येई व निम्मे पैसे वहिनी पुतण्याच्या हाती पाठवून देत. अकरा वर्षांत दोन्ही घरांत एवढाच व्यवहार उरला होता.

इंटरनेट आम्ही २०१२ साली घेतले. ते पावसाळ्यात रुसे, दिवाळीला सुधारे. आम्हांस त्याचे फारसे काम नसल्याने आम्ही लक्ष दिले नाही. परंतु २०२० साली शाळा बंद झाल्या आणि १५ जूनपासून पडद्यावर भरू लागल्या. आमची नात त्या वर्षी दहावीस होती. जुलैचा पाऊस सुरू झाला तशी तिची शाळा दिवसातून पंधरा-सोळा वेळा तुटू लागली. गणिताच्या तासाला प्रमेयाचे गृहीत ऐकू यावे आणि सिद्धता निघून जावी, अशी स्थिती. पोरगी चिडून रडे. आम्ही तक्रारींवर तक्रारी केल्या. लाइनमन तीन वेळा आला. पहिल्याच खेपेस त्याने विचारले, “गुरुजी, घरात फोन किती आहेत?” आम्ही म्हणालो, “दोन.” त्याने दाराशी मापन केले आणि बाहेरची तार ठीक असल्याचे सांगितले. तिसऱ्या खेपेस भर पावसात तोंडाला फडके बांधून आलेल्या त्या गृहस्थास आम्ही नाही नाही ते बोललो. तो काही न बोलता निघून गेला.

त्या रात्री आम्ही शाळेतील जुना उद्योग केला, हजेरीपट आखला. मोडेमवरील दिवा केव्हा गेला, केव्हा आला, त्या वेळी पाऊस होता काय, फोन वाजला काय, असे रकाने पाडले. मोडेमवर दिवे पुष्कळ असतात. त्यांपैकी दोन महत्त्वाचे. ‘डीएसएल’चा दिवा स्थिर असेल तर केंद्राशी तारेचे सूत जुळले आहे, लुकलुकत असेल तर जुळलेले नाही. ‘इंटरनेट’चा दिवा त्यापुढचा. पहिला स्थिर असून दुसरा लागत नसेल तर तारेला दोष देऊ नये. बहुधा नाव किंवा संकेतशब्द चुकलेला असतो, अथवा पलीकडेच काही बंद पडलेले असते. आमचा पहिलाच दिवा जाई. चार दिवसांत पटावर दोन गोष्टी उघड दिसल्या: मोठ्या सरीनंतर दिवा जाई, आणि फोनची घंटा वाजली की जाई.

मग आम्ही कानांची परीक्षा केली. साधा तारेचा फोन उचलावा व कोणताही एक आकडा दाबावा. डायलचा सूर थांबतो व थोडा वेळ अगदी शांतता होते. त्या शांततेत खरखर, गुणगुण किंवा तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज आला तर कोठेतरी सांधा सैल अथवा ओला आहे. कोरड्या दिवशी आम्हांस काही ऐकू आले नाही. पावसात मात्र बारीक तडतड स्पष्ट होती. ही परीक्षा फुकटची आहे आणि सर्वांस करता येण्याजोगी आहे.

यानंतर जे केले ते खरे काम. दाराजवळ जेथे बाहेरची तार घरात शिरते तेथे एक छोटी जोडपेटी असते. लाइनमन तिला रोझेट म्हणतात. ती उघडून घरात जाणाऱ्या सर्व तारा सोडवाव्या आणि एकटा मोडेम तेथेच जोडावा. येथे एक सूचना करून ठेवतो. तारेवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट असतात, त्यांचा त्रास नाही. परंतु घंटा वाजताना दाब ७५ व्होल्टच्या आसपास चढतो आणि ओल्या हाताला त्याचा चांगला हिसका बसतो. तेव्हा हात कोरडे ठेवावे, आणि वीज कडाडत असताना हा उद्योग मुळीच करू नये.

आम्ही देवडीत स्टूल ठेवले, त्यावर मोडेम मांडला आणि नातीचे टेबलही तेथेच नेले. दोन दिवस पोरीची शाळा देवडीत भरली. पाऊस कोसळत होता, पण दिवा एकदाही गेला नाही! बाहेरची तार निर्दोष होती. लाइनमनचे म्हणणे खरे होते.

मोडेमचे एक अंतर्गत पानही असते. पुष्कळ मोडेमांत ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असे लिहिले म्हणजे ते उघडते. तेथील दोन आकडे पाहावे. एक ‘अटेन्युएशन’, म्हणजे वाटेतील घट. आमची ३० डेसिबल होती. म्हणजे केंद्रातून निघालेल्या शक्तीचा हजारावा भाग आमच्या दाराशी पोहोचतो. ती घट मुख्यतः अंतरामुळे होते व घरात बसून तिचा उपाय होत नाही. दुसरा आकडा ‘एसएनआर मार्जिन’. गोंगाटाच्या वर किती उसंत शिल्लक आहे ते हा सांगतो. तो ६ डेसिबलच्या खाली गेला की जोडणी डळमळू लागते. देवडीत आम्हांस १३ मिळत होता.

तिसऱ्या दिवशी एकेक तार परत जोडावयास घेतली. एका वेळी एकच, आणि प्रत्येकीनंतर अर्धा दिवस थांबावयाचे. माजघरातील फोन जोडला, आकडा १३. वरच्या खोलीतील जोडला, १३. जोडपेटीत आणखी एक तार मोकळी लोंबत होती. ती कोणाची ते आम्हांस ठाऊक होते. ती जोडली तेव्हा बाहेर पाऊस होता. पाच मिनिटांत आकडा ४ वर आला आणि दिवा लुकलुकू लागला.

‘घरात फोन किती’ या प्रश्नाला आम्ही ‘दोन’ असे उत्तर दिले होते. तीन होते. भिंतीपलीकडचा फोन आम्ही आमच्या घरात धरीत नव्हतो.

ती तार पुन्हा सोडवून टाकणे हा दोन मिनिटांचा उद्योग होता आणि पेचकस हातात होता. तशी ती सोडवलीही. मग लक्षात आले की मागे गेले दोन-अडीच दिवस घंटा वाजलेली नाही. आम्हीच ती बंद पाडली होती, आणि विचारावयास कोणी आले नव्हते. आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “वहिनींना मोबाइल ऐकू येत नाही.” आम्ही छत्री घेतली आणि बोळातून मागच्या दारी गेलो, मधल्या दाराची कडी गंजून बसली होती.

दार वहिनींनी उघडले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, फोन बंद केलात ते बरे केलेत. आम्ही उचलला की मुलीची शाळा तुटते. भिंतीतून तिचे रडणे ऐकू येते. पंधरा दिवस मी उचलतच नव्हते. बेळगावची ताई लावून लावून दमली असेल.”

आम्हांस काय बोलावे ते सुचेना. मुलांस जसे समजावून सांगावे तसे आम्ही तारेविषयीच बोलू लागलो. वहिनींचे न उचलणे व्यर्थ का गेले, ते येथेही सांगतो. ज्या तारेवर इंटरनेट आहे तिच्यावरील प्रत्येक फोन गाळणीतून जोडला पाहिजे. या गाळणीस फिल्टर म्हणतात. फोन व मोडेम या दोहोंची वाट वेगळी करणारी तीन तोंडांची डबी म्हणजे स्प्लिटर. आमचा स्प्लिटर माजघरात मोडेमपाशी होता. मागे जाणारा फाटा त्याच्या कितीतरी आधी, दाराशीच फुटत होता. तेव्हा तो फोन बिनगाळणीचा राहिला. उचलला तरी उपद्रव आणि नुसती घंटा वाजली तरी उपद्रव. शिवाय फाटा स्वतःच दोषकारक असतो. बंद बोळात हाक मारली म्हणजे ती टोकावर आपटून परत येते, तसे इंटरनेटचे तरंग फाट्याच्या टोकावरून परततात आणि मूळ तरंगांना ठरावीक जागी मारतात. फाटा ५० मीटरचा असेल तर तो मार सुमारे १० लाख कंपनांच्या जागी बसतो, म्हणजे ऐन वाहतुकीत. जुन्या वाड्यातून वळसे घेत जाणाऱ्या तारेस ५० मीटर व्हावयास वेळ लागत नाही.

दादा आतून हे सारे ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, “माळ्यावर जोड आहे. कौल फुटले आहे तिथे.” त्यांनी शिडी धरली, आम्ही चढलो. जोड सापडला. १९९१ साली वडिलांच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनीच तो मारला होता. तारांची टोके पिळून वर चिकटपट्टी. पट्टीचा पत्ता नव्हता, आणि तांब्यावर कल्हई गेलेल्या भांड्यातल्यासारखा हिरवा कळक चढला होता. पाऊस नसताना तो जोड चाले. ओल लागली की दोन्ही तारांत पाणी पूल बांधी.

कुजलेली टोके छाटली, चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे गेलो आणि आत जेली भरलेल्या प्लॅस्टिकच्या जोडणीत ती दाबून बसविली. ही जोडणी अगदी स्वस्त असते आणि चिकटपट्टीपेक्षा शतपटीने बरी. फुटके कौल दादांनी पुतण्याकडून बदलून घेतले. स्प्लिटर माजघरातून उचलून दाराच्या जोडपेटीपाशी आणला. बाहेरची तार त्याच्या ‘लाइन’च्या तोंडास, मोडेमची स्वतंत्र पीळदार तार त्याच्या तोंडास आणि दोन्ही घरांतील फोनच्या सर्व तारा ‘फोन’च्या तोंडास, अशी मांडणी केली. आता मागचा फाटा गाळणीच्या मागे गेला. तो कितीही लांब असो, इंटरनेटला दिसेनासा झाला. ज्यांच्या घरी फोन एकाहून अधिक आहेत त्यांनी हीच मांडणी करावी. प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर शोधीत बसण्यापेक्षा ही सोपी. आकडा १४ वर स्थिरावला. संध्याकाळी बेळगावचा फोन आला, दोन्हीकडे घंटा वाजली, आणि नात वरच्या खोलीतून ओरडली, “आजोबा, तुटले नाही!”

लाइनमनला आम्ही निरोप धाडून चहास बोलाविले व तिसऱ्या फोनची हकीकत सांगून क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, “गुरुजी, पेटीत तिसरी तार मला पहिल्याच दिवशी दिसली होती. पण तुम्ही दोन म्हणालात. मग कसे विचारायचे?”

बाकीचे दोष थोडक्यात सांगतो. घरातील चपटी, बिनपिळाची लांब तार मोडेमसाठी वापरू नये; मोडेम पेटीजवळ ठेवावा व पुढे संगणकाची तार लांबवावी. दिव्यांच्या माळा, स्वस्त चार्जर व काही पंख्यांचे रेग्युलेटर हेही गोंगाट करतात. त्याच्या शोधासाठी जुना ट्रान्झिस्टर बाहेर काढावा. मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे इंटरनेटच्या वाहतुकीच्या पट्ट्यातीलच. ज्या ट्रान्झिस्टरवर आम्ही वर्षानुवर्षे पुणे केंद्र ऐकले तो कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी लावून घरभर फिरवावा. ज्या वस्तूजवळ भुणभुण वाढेल ती बंद करून पाहावी. आमच्याकडे देवघरातील विजेची समई तशी निघाली. सौभाग्यवतींनी ती बदलली, परंतु त्यांस हा शोध फारसा रुचला नाही.

तक्रार करावयाची तर “नेट चालत नाही” एवढेच सांगू नये. “घरातील सर्व फोन सोडवून दाराच्या पेटीपाशी एकटा मोडेम लावला, तरी दिवा जातो, सूर थांबल्यावर खरखर ऐकू येते, एसएनआर अमुक आहे,” असे सांगावे. ऐकणाऱ्यास त्यातून काम कळते. आणि फोन किती, असे विचारल्यास सर्व मोजून सांगावे.

नात दहावी झाली. पुढेही शिकते आहे. २०२३ साली आमच्या गल्लीत काचेचा तंतू आला आणि तांब्याची तार खांबावरून निघाली. नव्या पेटीला फोनसाठी एक तोंड असते. ते बसविणाऱ्या मुलाने विचारले, “आजोबा, फोन किती?” आम्ही तीन म्हणालो. त्याच्या तोंडास जुनी घरातली तार जोडली आहे, आणि मागच्या सोप्यातील फोन अद्याप त्याच क्रमांकावर वाजतो. निम्मे पैसे वहिनी अजूनही पाठवितात. नको म्हटले तर ऐकत नाहीत. मधल्या दाराची कडी आम्ही तेल घालून मोकळी केली आहे.

आमचा जुना स्प्लिटर व जेलीच्या चार-पाच जोडण्या घरी पडून होत्या. त्या पिशवीतून आणल्या आहेत. ज्यांस हव्या असतील त्यांनी भोजनानंतर आमच्याकडून मागून घ्याव्या.